होकाराचे मोल, नकाराचे मोल

शासकीय सेवेत प्रवेश करताना प्रत्येकाला आपल्या कुटुंबाचा तपशील लिहून द्यावा लागतो. पत्नीचे वा पतीचे नाव, अपत्यांची नावे, त्यांच्या जन्मतारखा. पुढे बदली झाली, प्रवासभत्ता मागावयाचा झाला, औषधोपचाराचा खर्च परत मिळवावयाचा झाला, की तोच तपशील पुन्हा लिहावा लागतो. सेवेतील आम्ही माणसे हे रकाने इतक्या सवयीने भरतो की त्यांच्यामागे एक अवघड प्रश्न उभा आहे याची आम्हांस आठवणही राहत नाही. कुणाच्या घरी किती मुले आहेत हे शासनाला ठाऊक असणे व्यवहाराच्या दृष्टीने आवश्यक आहे, हे कुणीही मान्य करील. परंतु ती किती असावीत, केव्हा असावीत, असावीत की नसावीत, हे ठरविण्याचा अधिकार कुणाचा? त्या निर्णयाशी शासनाचा काही संबंध पोहोचतो काय, आणि पोहोचत असल्यास तो कोठवर? या प्रश्नाचा थोडा स्वस्थपणे विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

हा विचार आम्हांला दोन कारणांनी जवळचा वाटतो. एक तर संततिनियमनाची चळवळ या देशात प्रथम ज्या भाषेत वाढली त्या भाषांपैकी मराठी ही अग्रभागी आहे. दुसरे असे की नोकरीनिमित्त दिल्लीस येऊन यमुनेच्या पूर्वतीरी, मयूर विहारात, ज्या मराठी कुटुंबांनी बिऱ्हाडे मांडली, त्यांच्या उंबरठ्याशीच या प्रश्नाचा दुसरा अर्धा इतिहास घडलेला आहे. मयूर विहाराचा पहिला टप्पा दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८० नंतरच्या दशकात उभा केला. त्याला लागूनच त्रिलोकपुरी आहे. ती वस्ती त्याआधीची, आणीबाणीच्या काळातली. शहराच्या मध्यभागातून उठविलेल्या गोरगरिबांना, तुर्कमान दरवाजाजवळच्या विस्थापितांसह, ज्या दूरच्या माळांवर नेऊन सोडण्यात आले त्यांपैकी ती एक. दोन्ही वस्त्यांचा पिनकोड एकच, ११००९१. पत्रे वाटणारा पोस्टमन या दोन वस्त्यांत भेद करीत नाही. परंतु संततीच्या बाबतीत आपल्या मनाप्रमाणे वागण्याची जी मोकळीक माणसाला असते, ती या दोन वस्त्यांत सारखी कधीच नव्हती. ती का नव्हती, हे समजून घेतल्यावाचून आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळावयाचे नाही.

प्रथम आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी विधवेच्या पोटी गर्भ राहिला तर तिच्यापुढे गर्भपात, अर्भकहत्या वा आत्महत्या याखेरीज मार्ग नसे. फुले दांपत्याने अशा स्त्रियांना कळविले की येथे यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावयाचे की येथे ठेवावयाचे हे आपल्या खुषीने ठरवावे. अशाच एका विधवेच्या मुलाला त्या दोघांनी दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. या गृहाविषयी करुणेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्हांला मात्र त्यातील दुसरी एक गोष्ट तितकीच मोलाची वाटते. दार उघडले गेले, परंतु आत येणाऱ्या स्त्रीकडून कबुलीजबाब घेतला गेला नाही. साहाय्य दिले गेले, परंतु साहाय्याच्या बदल्यात तिचा निर्णय मागून घेतला गेला नाही. देणाऱ्याने देऊन बाजूला व्हावे, ही रीत तेथे होती. ती साधी दिसते, पण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत राज्यकर्त्यांना ती क्वचितच साधली.

त्यानंतरचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत गिरगाव लंडनच्या मागे नव्हते. हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रसंग आला तेव्हा १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले होते. मालतीबाईंनी या साऱ्या ओढगस्तीत त्यांना साथ दिली. कर्व्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की मूल होणे ही दैवाची गोष्ट राहू नये, ती स्त्रीच्या इच्छेची गोष्ट व्हावी. आणि इच्छेला साधनांची जोड नसेल तर ती इच्छा निव्वळ हळहळ ठरते. म्हणून त्यांनी विचार मांडून थांबणे पत्करले नाही. साधनांची माहिती दिली, ती मिळण्याची सोयही केली.

एकट्या गृहस्थाच्या खटपटीने भागण्यासारखा हा प्रश्न नव्हता, हे ओळखून तो प्रांतिक शासनाच्या दारी नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने केला. म्हैसूर संस्थानाने १९३० सालीच सरकारी रुग्णालयांतून संततिनियमनाची केंद्रे काढण्याचा हुकूम दिला होता. मुंबई इलाख्यात काय होते ते पाहावयाचे होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्या पक्षाचे सभासद प्रभाकर जनार्दन रोहम यांनी ठराव मांडला. आंबेडकर त्या दिवशी हजर नव्हते; त्यांनी तयार केलेले भाषण रोहमांनी सभागृहापुढे ठेवले. सरकारने संततिनियमनाचा लोकांत जोराने प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, एवढीच मागणी होती. वारंवार होणाऱ्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर कसे झिजते, नको असलेल्या गर्भापायी ती कोणत्या थराला जाते, गरिबाच्या घरी दारिद्र्य कसे वाढते, हे त्या भाषणात सांगितले होते. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागत्या तर एकाहून अधिक मुलाला कुणी राजी झाला नसता, अशा आशयाचा एक टोलाही त्यात होता. मतमोजणी झाली. ठरावाच्या बाजूने ११, विरुद्ध ५२.

विरोध करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांपैकी अनेकांना स्त्रियांच्या कष्टांची जाणीव होती. साधनांनी संयम सुटेल, विषयवासनेला मोकळे रान मिळेल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. याच विचाराचे सर्वांत थोर प्रतिपादक महात्मा गांधी. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर बाई वर्ध्यास त्यांना भेटावयास आल्या, तेव्हाही त्यांनी ब्रह्मचर्याचाच मार्ग सांगितला. स्त्रियांनी पतीला 'नाही' म्हणावयास शिकावे, हे त्यांचे सांगणे होते. त्या काळी स्त्रीच्या नकाराला एवढी प्रतिष्ठा देणारे पुढारी फारसे नव्हते, हे विसरता कामा नये. परंतु तो नकार देताना तिला काय किंमत मोजावी लागेल, याचा हिशेब त्या उपदेशात नव्हता. जिचे अन्न, वस्त्र आणि डोक्यावरचे छप्पर पतीच्या मर्जीवर अवलंबून आहे तिने रात्री 'नाही' म्हटले, तर सकाळी ती कोठे उभी राहणार? कर्वे आणि आंबेडकर यांना हा हिशेब दिसत होता.

स्वातंत्र्यानंतर वारे पालटले. १९५२ साली भारताने पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा अंतर्भाव केला. शासकीय धोरण म्हणून हे काम हाती घेणारा हा जगातील पहिला देश. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि धन्वंती रामराव व मार्गारेट सँगर यांच्या नेतृत्वाखाली जागतिक संघटना स्थापन झाली. पुण्यात १९३८ पासून हे काम करणाऱ्या शकुंतलाबाई परांजपे १९६४ साली राज्यसभेवर नियुक्त होऊन दिल्लीस आल्या. १९६८ साली 'निरोध' बाजारात आला, तीन नगांना १५ पैसे या दराने. किराणा आणि विडीकाडीच्या दुकानांतूनही तो मिळू लागला. ज्या साधनांची माहिती छापल्याबद्दल कर्व्यांनी दंड भरला, त्यांचा प्रचार आता आकाशवाणी करू लागली. येथवरची कथा प्रगतीची आहे, आणि ती येथेच थांबती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते.

परंतु १९७६ साल आले. त्या वर्षीच्या एप्रिलात केंद्राने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले आणि सक्तीच्या नसबंदीचा कायदा करावयाचा की नाही, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविले. हे आव्हान पत्करण्यात महाराष्ट्र पुढे सरसावला. कुटुंबाच्या आकारावर निर्बंध घालणारे विधेयक आले. तीन हयात अपत्ये असलेल्या जोडप्यावर शस्त्रक्रियेची सक्ती आणि ती न केल्यास कारावास, अशी त्यातील तरतूद होती. विधिमंडळाने ते संमत केले. राष्ट्रपतींची संमती त्यास मिळाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर ते बाजूस पडले, म्हणून तो कायदा अमलात आला नाही, इतकेच. ज्या मुंबईत १९३८ साली 'साधने द्या' या मागणीला ११ मते पडली, त्याच मुंबईत अडतीस वर्षांनी 'शस्त्रक्रिया लादा' या प्रस्तावाला बहुमत मिळाले.

वरवर पाहता हे दोन निर्णय परस्परविरुद्ध आहेत. एकाने संततिनियमन नाकारले, दुसऱ्याने ते सक्तीचे केले. पण थोडे खोल पाहिले तर दोहोंचे गोत्र एकच असल्याचे दिसते. जिचे शरीर झिजणार, जिची कूस उजवणार वा मिटणार, तिला काय हवे आहे हे विचारण्याची गरज ना पहिल्या सभागृहाला भासली, ना दुसऱ्याला. पहिल्याने नीतीच्या नावाने तिच्या वतीने निर्णय घेतला, दुसऱ्याने राष्ट्राच्या नावाने.

सक्तीचा कायदा न करताही सक्ती कशी होते, हे पाहावयाचे तर दिल्लीच पाहावी. येथे असा कायदा झाला नव्हता. तरीही पगार, बढती, कर्ज, घर वा भूखंड यांची सांगड नसबंदीच्या दाखल्याशी घातली गेली, हे शहा आयोगाच्या अहवालातून पुढे आले. ईशान्य दिल्लीतील वेलकम या पुनर्वसन वसाहतीची कागदपत्रे एमा टार्लो या अभ्यासिकेने तपासली आणि २००३ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून जे दिसते ते मन सुन्न करणारे आहे. झोपडी पाडली गेल्यावर भूखंड टिकविण्यासाठी माणसाला शस्त्रक्रियेचा दाखला हवा असे. स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली तर उत्तम. नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी 'प्रवृत्त' करून त्याचा दाखला आणला तरी चाले. मग काय झाले? ज्याच्याजवळ थोडे पैसे होते त्याने आपल्याहून गरीब माणूस शोधला, त्याला पैसे दिले, आणि त्याच्या शस्त्रक्रियेवर आपले घर राखले. त्या व्यवहाराला सरकारी कागदात 'प्रोत्साहन' हा शब्द होता. वास्तविक तो नकाराचा बाजार होता. आपला 'नाही' जपण्यासाठी माणसाला दुसऱ्याचा 'हो' विकत घ्यावा लागत होता, आणि ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याचा 'हो' सर्वांत स्वस्त होता.

या साऱ्यातून आमच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते असे आम्हांस वाटते. कोणत्याही माणसाला एखादा हक्क आहे असे केव्हा म्हणावे? दोन किमती तपासून. त्याने 'हो' म्हटले तर त्याला काय मोजावे लागते, आणि 'नाही' म्हटले तर काय गमवावे लागते. १९३८ साली होकाराचे मोल भारी होते: मूल नको असे ठरविणाऱ्या गरीब स्त्रीला साधन मिळत नव्हते, मिळाले तरी परवडत नव्हते. १९७६ साली नकाराचे मोल भारी झाले: शस्त्रक्रिया नको असे ठरविणाऱ्याचे घर जात होते. शासनाचे कर्तव्य आमच्या मते इतकेच आणि एवढे मोठे आहे की त्याने या दोन्ही किमती उतरवीत न्याव्यात. साधने स्वस्त, सुरक्षित आणि हाताशी करावीत. आणि ती न घेणाऱ्याचे काहीही बिघडणार नाही याची हमी द्यावी. पहिले केले आणि दुसरे विसरले, तर दान फिरून खंडणी होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. राष्ट्राला भविष्याची चिंता नको काय? अन्न, पाणी, शाळा, दवाखाने यांचा हिशेब ज्याला करावयाचा, त्याने जन्मसंख्येविषयी मौन पाळावे काय? आम्ही असे म्हणत नाही. शासनाने जरूर सांगावे, शिकवावे, पटवून द्यावे. मुलीला शाळेत पाठवावे, तिचे लग्न उशिरा होईल असे पाहावे, जन्मलेले मूल जगेल असा दवाखाना उभा करावा. या मार्गाने जननमान उतरते, याचा पडताळा केरळ आणि तामिळनाडू या राज्यांनी दिला आहे. साऱ्या देशाचे जननमान पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, दर स्त्रीमागे २.० इतके आढळले. पटवून देण्याला मर्यादा नाही. मर्यादा आहे ती किंमत लावण्याला.

आणि उत्तेजनाचे काय? आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल की १९७९ च्या एका आदेशान्वये केंद्रीय कर्मचाऱ्यांना मर्यादित कुटुंबानंतर शस्त्रक्रिया करून घेतल्यास एक विशेष वेतनवाढ मिळू लागली. पुढे ती भत्त्याच्या रूपाने सातव्या वेतन आयोगापर्यंत टिकली आणि १ जुलै २०१७ पासून बंद झाली. कित्येक घरांत ती रक्कम सुखाने घेतली गेली. मग ते उत्तेजन आणि वेलकममधील भूखंड यांत भेद तो कोणता? दोन्हीकडे दाखला दिला की लाभ मिळतो. भेद असा की वेतनवाढ न घेणाऱ्या अधिकाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काहीच कमी होत नसे. त्याचे घर, त्याची नोकरी, त्याची ज्येष्ठता जागच्या जागी असे. झोपडी पाडलेल्या माणसाचे मात्र सर्वस्व त्या दाखल्यावर टांगलेले होते. दोहोंना एकच शब्द लावणे हे भाषेचे दारिद्र्य आहे. परिपत्रकात 'प्रोत्साहन' हा शब्द दिसला की आम्ही एकच प्रश्न विचारावा: नकार देणाऱ्याचे काय जाते?

नकाराचे मोल सर्वांना सारखे पडत नाही, याचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. १९७६–७७ या वर्षी देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत फार मोठा भाग पुरुषांचा होता. पुरुष संतापले; १९७७ च्या निवडणुकीत तो संताप मतपेटीतून बाहेर पडला आणि शासन उलथले. त्यानंतर आलेल्या सरकारांनी त्यापासून धडा घेतला, पण तो कोणता? सक्ती वाईट हा धडा अर्धवट घेतला गेला; पुरुषांना डिवचू नये हा मात्र पुरता घेतला गेला. कार्यक्रमाचे तोंड स्त्रियांकडे वळले. पाचव्या पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषाच्या शस्त्रक्रियेवर विसंबणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे असे आहे. ज्याचा नकार राजसत्तेला महाग पडतो त्याला सोडून द्यावे आणि जिचा नकार कुणाला ऐकू येत नाही तिच्याकडे वळावे, अशी ही वाटचाल झाली.

तिचा परिणाम २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यात दिसला. एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्यानंतर १३ स्त्रिया दगावल्या. कागदोपत्री उद्दिष्टांची पद्धत १९९६ सालीच संपली होती. पण उद्दिष्ट हा शब्द खोडला तरी आकडा मागण्याची सवय खोडली जात नाही, हे आम्हां सेवेतील माणसांना कुणी शिकवावयास नको. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

आता स्वस्ताईचा विचार. आजच्या घडीला साधने महाग आहेत असे कुणी म्हणणार नाही. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळतात. २०११ पासून आशा कार्यकर्ती ती घरपोच देऊ लागली, तेव्हा तिने घ्यावयाचा मोबदला एक-दोन रुपयांचा ठरविण्यात आला. लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली संप्रेरकविरहित गोळी 'छाया' या नावाने आणि तीन महिन्यांचे इंजेक्शन 'अंतरा' या नावाने शासकीय कार्यक्रमात आले आहे. मग त्याच पाहणीत दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी नऊहून अधिक स्त्रियांना मूल नको वा लांबवावयाचे असूनही त्या कोणतेच साधन वापरीत नाहीत, हे कसे? याचे कारण असे की किंमत केवळ नाण्यांत मोजली जात नाही. दवाखान्याच्या रांगेत एक दिवसाची मजुरी बुडते, ती किंमत. दहा माणसांसमोर परिचारिकेला कारण सांगावे लागते, ती किंमत. सज्ञान स्त्रीच्या स्वतःच्या संमतीवाचून कायद्याला दुसरे काही नको असताना खिडकीवर पतीची सही मागितली जाते, तीही किंमत. आणि तांबी, गोळी, इंजेक्शन यांविषयी न सांगता 'दोन झाली, आता ऑपरेशन करून टाका' एवढेच सांगितले जाते, ही तर सर्वांत मोठी. मयूर विहारातील गृहिणी औषधाच्या दुकानातून वा आपल्या डॉक्टरीणबाईंकडून चार गोष्टी विचारून एक निवडू शकते. पैशाने तिला साधन मिळते, त्याहून अधिक म्हणजे निवड मिळते, आणि गुप्तता मिळते. रस्त्यापलीकडे साधन फुकट आहे. निवड आणि गुप्तता मात्र फुकट वाटण्याची तजवीज अजून पुरी झालेली नाही. परवडणारे संततिनियमन या शब्दांचा खरा अर्थ आम्ही असा घेतो.

येथे प्रामाणिकपणे एका अडचणीला तोंड दिले पाहिजे. निर्णय स्त्रीचा, असे एकदा म्हटले, तर गर्भलिंग जाणून मुलगी नको म्हणण्याचाही तो असावा काय? महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. स्त्रियांच्या संघटनांनीच तो मागितला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. निवडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी निर्बंध मागावा यात विसंगती आहे, असे अनेकांना वाटले. आमच्या कसोटीने ती तितकी राहत नाही. ज्या घरी मुलगा झाला नाही म्हणून सुनेला माहेरी धाडतात, तेथे चाचणीस नकार देण्याचे मोल तिला पेलवण्यासारखे नसते. तो तिचा निर्णय नसून तिच्या तोंडून वदविलेला घराचा निर्णय असतो. शिवाय मूल हवे की नको हा प्रश्न वेगळा, आणि मूल हवे पण मुलगी नको हा वेगळा. पहिल्यात ती आपल्या आयुष्याविषयी बोलते, दुसऱ्यात साऱ्या स्त्रीजातीचे मोल ठरविले जाते. तरीही हा निर्बंध राबविताना कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीकडे संशयाने पाहिले जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. रेषा बारीक आहे. ती पुसून टाकणे हा उपाय नव्हे.

आता राज्यांकडे पाहू. कारण रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय, आणि लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजन हा बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलेला. म्हणजे येथे राज्यांचा शब्द निर्णायक आहे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यास पंचायतीची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविण्यात आले. २००५ च्या नियमांनी राज्यसेवेची दारेही त्यास बंद केली. आंध्र प्रदेशाने असाच दोन अपत्यांचा नियम स्थानिक निवडणुकांसाठी दीर्घकाळ राबविला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तो रद्द केला. कारण तेथे आता माणसे कमी पडतील ही चिंता आहे. नियम गेला याचा आनंद मानावा, पण कारण ऐकून थोडे दचकावेही. उद्या एखाद्या राज्याच्या हिशेबाला अधिक मुले हवी झाली, तर हाच हात साधने काढून घेण्यासाठी पुढे येणार नाही कशावरून? १९३८ आणि १९७६ यांमधील लंबक दोन्ही दिशांना जातो. म्हणून हा हक्क लोकसंख्येच्या गणितावर उभारता कामा नये. गणित पालटले की तो कोसळेल. तो व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर उभा केला पाहिजे.

न्यायालयांनी हा पाया घालण्यास प्रारंभ केला आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चंडीगढच्या एका शासकीय संस्थेतील निराधार, अल्पमती स्त्रीचे प्रकरण आले. प्रशासनाला तिचा गर्भपात हवा होता. तिला मूल हवे होते. न्यायालयाने तिचा 'नाही' मानला आणि मूल होऊ देण्याचा व न होऊ देण्याचा निर्णय हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी, दिल्लीतूनच उद्भवलेल्या एका प्रकरणात, अविवाहित स्त्रीचा 'हो' तितकाच मानला गेला आणि २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताची कायद्यातील सवलत तिलाही लागू असल्याचा निर्णय झाला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. ते एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत.

परंतु निकाल खिडकीपर्यंत पोहोचविणारे आम्हीच. कोणत्याही धोरणाची नीती शेवटी एखाद्या अर्जाच्या नमुन्यात, एखाद्या मासिक विवरणात, 'साध्य' आणि 'असाध्य' या दोन रकान्यांत उतरते. किती शस्त्रक्रिया झाल्या, हा रकाना ज्याने आखला त्याने बिलासपूरचे शिबिर अर्धेअधिक आखले होते, असे म्हटल्यास फार कठोर होणार नाही. त्या जागी किती स्त्रियांना सर्व साधनांची माहिती मिळाली, किती जणींनी विचार करून नकार दिला आणि तरी त्यांना पुढच्या खेपेस तितक्याच आदराने बसविले गेले, हे रकाने येतील तर काय होईल? असा नमुना काढण्यास कायदा लागत नाही, निधी लागत नाही. टेबलामागच्या माणसाने आपल्या समोरच्या स्त्रीला नकाराची मुभा आहे, हे गृहीत धरावे लागते. फुल्यांच्या घरी ते गृहीत होते. राज्याचे घर त्याहून फार मोठे आहे. त्याच्या दारात इतकी जागा असण्यास हरकत नसावी.